बाष्पीभवन, स्लाइड क्रमांक 7

घाटकोपरच्या छात्राध्यापिकेची तयारी वाखाणण्याजोगी होती. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात तंत्रज्ञानही आलं. तेव्हा बाष्पीभवनाच्या सराव पाठाला तिने बावीस स्लाइड केल्या. सूर्य उगवतो, थेंब उडतात, प्रत्येक थेंबाला वेगळा आवाज! खरं ऊन स्क्रीनवर येऊन व्यत्यय आणत होतं, म्हणून पडदे ओढून घेतले. गॅलरीत फळा पुसायचं ओलं फडकं वाळत होतं. ते कुठल्याच स्लाइडवर नसल्याने अर्थातच अभ्यासक्रमाबाहेरचं.

शासनाची दृष्टी तर याही पुढची. नोव्हेंबर 2016 मध्ये शिक्षकांना फर्मान निघालं : दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढा आणि ‘सरल’ प्रणालीवर चढवा. गळती थांबावी हा हेतू. शिक्षकांनी विरोध केला आणि योजना बारगळली. केवढं नुकसान! साठ मुलांचे सहा सेल्फी, त्यात कुणीतरी डोळे मिटणारच, म्हणजे पुन्हा सहा. तास तिथेच संपला असता आणि न शिकवलेलं न समजण्याची भीतीच उरली नसती.

असो. सातव्या स्लाइडला वीज गेली.

बिचारीने पडदे सरकवले, ते फडकं आणून फळ्यावर फिरवलं. “बाई, वरची कड आधी वाळली!” “बाई, पाणी गेलं कुठे?” अर्धा वर्ग फळ्यापाशी.

मागच्या बाकावरून निरीक्षकांनी शेरा लिहिला : ‘वर्गनियंत्रण : सुधारणेस वाव. तंत्रज्ञानाचा वापर : निरंक.’

पाठ पुढच्या मंगळवारी पुन्हा घ्यायचा आहे. स्लाइड क्रमांक 8 पासून.