तळ्याकाठी, आरामात

मिसिसॉगा,
थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार

ती. आई आणि ती. नाना यांस,
मेघनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

नानांनी फोनवर विचारलं, "सुट्टीत कुठे गेला होतात?" त्यावर तुमच्या चिरंजीवांनी "एका तळ्याकाठी, आरामात" एवढंच सांगून फोन ठेवला. त्या आरामाचा खुलासा करावा म्हणून हे पत्र.

मंदारच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचं हंट्सव्हिलच्या पुढे कॉटेज आहे, टोरंटोहून उत्तरेला सव्वादोनशे किलोमीटरवर. तिथून जवळच अल्गोंक्विनचं जंगल सुरू होतं. १८९३ पासून राखलेलं, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते आणि मेपलची झाडं तेव्हा लालभडक झालेली असतात. गृहस्थ म्हणाले, "खुशाल राहा, भाडं-बिडं काही नको. फक्त निघताना कॉटेज बंद करून या." बंद करणे म्हणजे नेमकं काय, ते फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत होतं. यादी पाठपोट होती.

आई, मे महिन्यात तुमची आगोटीची धांदल असते ना? घर शाकारायचं, लाकूडफाटा पडवीत घ्यायचा, मिरच्या-मीठ डब्यांत भरायचं. इथे तेच सगळं ऑक्टोबरात, पावसाऐवजी बर्फासाठी. फरक एवढाच, की आपण त्याला काम म्हणतो आणि इथले लोक त्यासाठी सुट्टी घेतात.

पहिलं काम पाण्याचं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून घरात थेंबसुद्धा ठेवायचा नाही. आधी गीझरचं बटण बंद, मग गीझर रिकामा. उलट केलं तर आतली कॉइल जळते. मग पंप बंद, तळ्यात सोडलेला पाइप ओढून बाहेर, घरातले सगळे नळ उघडे. एवढं करूनही बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी उरतंच. त्यात न गोठणारं एक गुलाबी औषध ओतायचं, कमोडमध्येसुद्धा. आणि एकदा ते ओतलं की घरातला संडास बंद! पुढची सोय रानाच्या कडेला लाकडी खोपटात. तुमच्या नातीने, सईने, "मी घरी जाईपर्यंत थांबते" असं जाहीर केलं. घर तीन तासांवर. अर्ध्या तासात ती खोपटाच्या दारात उभी होती, आणि मी अस्वलावर पहारा देत बाहेर.

दुसरं काम तळ्यातला लाकडी धक्का काठावर ओढण्याचं. तो पाण्यात राहिला तर बर्फ त्याचा चुरा करतं. त्यासाठी छातीपर्यंत येणारी रबरी विजार ठेवलेली होती. तिला गुडघ्याजवळ भोक आहे, हे मात्र यादीत नव्हतं. मंदारने त्या थंडगार पाण्यातून जे उद्गार काढले ते शुद्ध चिपळुणी होते. सईने अर्थ विचारला. मी म्हटलं, नानांना विचार.

मग उंदरांचा बंदोबस्त. पेन्सिल जाईल एवढं भोक उंदराला पुरतं, म्हणून प्रत्येक फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची. हे खातं माझ्याकडे होतं. लाकडं फोडायचं खातं मंदारकडे. पण रचण्यावरून आमचं वाजलं. साल वर की साल खाली? त्याचं ठाम मत, "आई साल वरच ठेवते." निकाल तुम्हीच द्या.

रात्री हौसेने लाकडांच्या शेगडीत वांगं भाजलं. भरीत झकास झालं. त्याआधी धुराचा भोंगा इतका कोकलला, की तळ्यापलीकडचे शेजारी बॅटरी घेऊन बाहेर आले.

आम्ही राबत होतो, पण आजूबाजूला तरी स्वस्थ कोण होतं? पायरीखाली एक चिपमंक राहतो, अंगावर पट्टे असलेली इथली खार. सईने टाकलेले शेंगदाणे तो खात नव्हता, गालांच्या पिशव्यांत भरत होता. एक उजवीकडे, एक डावीकडे, मग पुढच्या पंजाने आत ढकलून आणखी एक. गाल फुगून डोळे दिसेनासे झाले की बिळाकडे पळायचा आणि रिकाम्या गालांनी परत यायचा. संध्याकाळी बीव्हर दिसला, इथल्या पाच सेंटांच्या नाण्यावरचा. दातांत पानांसकट फांदी धरून पोहत चालला होता. तळं गोठल्यावर खायला म्हणून तो घराशेजारी पाण्याखाली फांद्यांचा ढीग रचतो. साल वर की खाली, याची त्याला पर्वा नाही. दात मात्र चक्क नारिंगी, कारण त्यांत लोह असतं. आमची चाहूल लागताच त्याने शेपूट पाण्यावर असं आपटलं, की मंदारच्या हातातला चहा सांडला.

अस्वल दिसलं नाही, पण बीचच्या गुळगुळीत बुंध्यावर त्याच्या नखांचे ओरखडे होते, पाच-पाचच्या रांगेत, थेट फांद्यांपर्यंत. बिया खायला चढतं. त्याच्याच धास्तीने कचरा बाहेर ठेवायचा नाही. म्हणून वांग्याची सालं आणि कोळंबीची टरफलं आमच्याबरोबर गाडीतून मिसिसॉगाला आली. ट्रॅफिक तुडुंब होता.

डॉलरच्या नाण्यावरचा लूनही पाहिला. १९८७ साली ते नाणं निघालं. त्यावर खरं तर होडी येणार होती, पण ओटावाहून विनिपेगला जाताना ठसेच गहाळ झाले आणि या पक्ष्याचं नशीब उघडलं. आम्हाला दिसलं ते करड्या रंगाचं एकटंच पिल्लू. आईबाप आधी समुद्राकडे निघून जातात, पिल्लं मागून आपली आपण जातात. सई म्हणाली, "असे कसे सोडून गेले?" मंदार म्हणाला, "आमच्याकडे उलटं झालं." आणि लाकडं रचायला उठला. फोनवर तो हे तुम्हाला सांगायचा नाही, म्हणून मी लिहिते.

गृहस्थ आमच्या कामावर बेहद्द खूश आहेत. मे महिन्यात कॉटेज उघडायला पुन्हा बोलावलंय. तेव्हा यादी उलटी करायची असते, आणि चावऱ्या काळ्या माश्यांचाही हंगाम असतो. तुम्ही दोघं मेमध्ये येताय हे मी त्यांना सांगून टाकलं आहे. नानांना प्लंबिंग येतं, हेही सांगितलं.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
मेघना

ता. क. कंबर धरली आहे हे आईला अजिबात लिहू नकोस, असं मंदारने बजावलंय. म्हणून लिहिलेलं नाही. तेवढं नारायण तेल मात्र कुणाबरोबर तरी पाठवा.