आयत्या वेळचा विषय

क्रीडा मंडळांच्या इतिहासात जे काही महत्त्वाचं घडतं, ते 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां'तच घडतं. आमच्या वेल्ह्याकडच्या (सरकारी कागदावर आता राजगड तालुका) कबड्डी मंडळाचा ई-स्पोर्ट्स संघही तिथेच जन्मला. वर्गणीची बाकी, तालमीचे गळके पत्रे, मॅटसाठी पुन्हा एकदा निवेदन, हे पत्रिकेवरचे विषय चहा येईपर्यंत उरकले होते. मग मागच्या सतरंजीवरची पोरं उठली. मंडळाच्या नावाने बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या खेळाचा संघ उतरवायचा, चौघे तयार आहेत, मंडळाने फक्त जर्सी आणि नेटचा रिचार्ज द्यावा.

"हा जुगार नाही ना?" खजिनदारांनी विचारलं.

इथे मला उठावंच लागलं. मी एके काळी नावाजलेला चढाईपटू होतो. हे सगळ्या गावाला माहीत आहे, कारण मी ते सांगत असतो. मी आदल्या रात्री भाच्याकडून सगळं समजून घेतलं होतं आणि ते आता जन्मजात ज्ञान असल्यासारखं मांडलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धांत त्याला पदकं होती. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ वेगळे आणि हे वेगळे, असा कायदाही २०२५ मध्ये झाला. इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगने तर २०२१ मध्येच ई-आयएसएल सुरू केलं. खजिनदार गप्प झाले. तिथेच मी थांबायला हवं होतं, पण मला शाल्के सांगायचा होता.

शाल्के हे माझं आवडतं प्रकरण. जर्मनीत गेल्सेनकिर्शेन नावाचं एके काळचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे, तिथला हा फुटबॉल क्लब, स्थापना १९०४. खाणकामगारांची पोरं खेळायची, म्हणून आजही संघाला 'खाणवाले' म्हणतात. म्हणजे वळणाने अगदी आपल्यासारखंच मंडळ, फक्त स्टेडियम साठ हजारांचं. या लोकांनी २०१६ मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स' या संगणकी खेळातला संघ घेतला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली तशीच तिथल्यांनीही मुरडली असणार. २०२० च्या उन्हाळ्यात हा संघ अकरापैकी दहा सामने हरला, आणि मग ओळीने सात जिंकून बाद फेरीत गेला. मी हे सांगताना माझाच आवाज भरून आला. पुढे २०२१ मध्ये मूळ फुटबॉल संघ तीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या लीगमधून खाली घसरला. डोक्यावर वीस कोटी युरोंहून जास्त कर्ज. तेव्हा क्लबने त्या संगणकी लीगमधली आपली जागा एका स्विस संघाला विकली. किती आले? दोन कोटी पासष्ट लाख युरो! ज्यांना 'दिवसभर स्क्रीनला चिकटलेली' म्हणून हिणवलं, त्याच पोरांनी घामाळलेल्या खेळाला हात दिला.

सभा स्तब्ध झाली. अध्यक्षांनी हळूच विचारलं, "हे शेळके शिरवळकडचे का?"

ठराव एकमताने मंजूर झाला आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं नाव सुचवण्यात आलं. सूचक मीच होतो.

प्रशिक्षक म्हणून माझी भूमिका स्पष्ट होती: खेळ कोणताही असो, कबड्डीत सगळं आलं. त्यांच्या खेळात पडलेल्या गड्याला साथीदार 'रिवाइव' करतो, त्याचं पोरांना फार अप्रूप. मी म्हटलं, बाद झालेला गडी जिवंत करायची संजीवनी कबड्डी आपले आजे-पणजे खेळत होते. संजीवनी, गामिनी, अमर हे तीनही प्रकार मी जमिनीवर खडूने आखून दाखवले. पोरं आदराने बघत राहिली, म्हणजे फोन बाजूला ठेवून नव्हे. मग "अण्णा, तुम्ही एकदा खेळून बघा" म्हणाली. मी विमानातून उडी मारली आणि पॅराशूट उघडून समुद्रात उतरलो. चढाईपटूला मैदानाची हद्द कळावी लागते, हे माझंच वाक्य एकाने मला ऐकवलं.

स्पर्धा आली ऐन आवणीत. रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. चौघे एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली बसले, घामाने बोट सरकू नये म्हणून एकाने अंगठ्याला मारुतीपुढचा अंगारा चोळला होता. येसाजी कंकांनी हत्ती लोळवल्याची गोष्ट सांगतात, त्यांच्या मुलखातली तुम्ही पोरं, असं भाषण मी सुरू केलं. तेवढ्यात तोरण्याकडून ढग आला, पिंग वाढला आणि चौघेही जागच्या जागी थिजून मेले. जिंकणाऱ्याला 'चिकन डिनर' असतं म्हणे. श्रावण तोंडावर होता, तेव्हा मंडळाचा धर्म तरी वाचला.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट डाचते. त्या खेळातलं एरँगल नावाचं बेट आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद आहे. कबड्डीला तेरा बाय दहा मीटर पुरतात. ते आता आमच्याकडे नाहीत. या डोंगरात सपाट जागा मुळातच कमी. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, इतकी धरणं झाली. सपाट होतं ते पाण्याखाली गेलं, उरलं ते प्लॉटिंगखाली. आमचं मैदान कुणाचं तरी पडीक शेत होतं. मालकाने विकलं, त्याच्या मुलीचं लग्न होतं, त्याला दोष कसा द्यायचा? तिथे आता तारेचं कुंपण आहे, आत लॉन आहे आणि शनिवार-रविवारपुरता माणूस.

पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद झालं, २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. पोरांनी बंदीच्या काळात सुतक पाळलं होतं. मी ऐटीत म्हणालो होतो की कबड्डीवर बंदी कोण घालणार? तिला ना मालक, ना सर्व्हर. खरंच कोणी घातली नाही. अधिसूचना निघाली नाही, बातमीही आली नाही. आणि पोरं "मोबाईलच्या नादाने" मैदान सोडून गेली असं आम्ही मोठी माणसं अजून सभेत बोलतो.

तेव्हा भोर-वेल्ह्यात फार्महाऊस घेतलेल्या पुणे-मुंबईकरांना मंडळातर्फे नम्र विनंती. तुमच्या लॉनमधला तेरा बाय दहाचा तुकडा सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी दोन तास आम्हाला द्यावा. रेषा आम्ही फक्कीने आखू, आंब्यांना हात लावणार नाही, फाटकाची किल्ली खजिनदारांकडे राहील. आणि वायफायचा पासवर्ड देता आला, तर चौघांची सोय होईल.