हसा, पण सुरात हसा

जे गायक कधी जन्मालाच आले नाहीत, त्यांनी गायलेल्या गाण्याचा अस्सल पाठ कोणता, यावरून दोन सुशिक्षित माणसं हमरीतुमरीवर येऊ शकतात, हे आम्हांला ‘अ मायटी विंड’ या चित्रपटाच्या चाहत्यांनी शिकवलं.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही (आणि म्हणून ज्यांची मनःशांती शाबूत आहे), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिस्टोफर गेस्ट याचा हा २००३ सालचा विनोदी चित्रपट, माहितीपटाचं सोंग घेतलेला. साठच्या दशकात अमेरिकेत गिटार आणि बँजो घेऊन लोकगीतं गाणाऱ्यांचं पीक आलं होतं. त्या पिकातले तीन काल्पनिक संच, त्यांचा निर्माता अर्व्हिंग स्टाइनब्लूम याच्या निधनानंतर, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र येतात. कथा संपली. गेस्ट आणि यूजीन लेव्ही यांनी नुसता आराखडा लिहिला. संवाद नटांनी कॅमेऱ्यासमोर, सुचतील तसे. गाणी मात्र आधी लिहिलेली, तालमी करून बसवलेली, आणि नटांनी स्वतः गाऊन-वाजवून दाखवलेली. घोटाळा इथेच झाला. बोलणं थट्टेचं आणि गाणं सुरात, अशा अवस्थेत प्रेक्षकाने नेमकं करायचं काय?

त्याने चाहता व्हायचं ठरवलं. या माणसाला चित्रपट ‘आवडतो’ असं म्हणणं म्हणजे वारकऱ्याला चालायला आवडतं असं म्हणण्यासारखं आहे. तो तुम्हांला घरी बोलावून चित्रपट दाखवतो. दाखवतो म्हणजे पडदा आणि तुम्ही यांच्या मध्ये बसतो. विनोद यायच्या आधी ‘आता बघा हं’ म्हणतो, येऊन गेल्यावर ‘कळलं का?’ विचारतो, आणि तुम्ही हसलात तर ‘हे सगळं आयत्या वेळचं आहे बरं का!’ असं सांगून हसण्याचं कर्जात रूपांतर करतो. न लिहिलेला विनोद हा लिहिलेल्यापेक्षा वरच्या जातीचा, अशी त्याची श्रद्धा आहे. शूटिंगमध्ये जे जमलं नाही ते संकलकाने कापून फेकलं म्हणून उरलेला दीड तास इतका उत्स्फूर्त दिसतो, एवढंच आम्ही एकदा बोललो. त्यानंतर चहा आला नाही.

चित्रपटात फ्रेड विलार्डने एक व्यवस्थापक रंगवला आहे. त्याची एक टीव्ही मालिका कधीकाळी येऊन आपटलेली. तिच्यातलं दोन शब्दांचं पालुपद तो अजून, कोणी विचारत नसताना, लोकांना ऐकवत फिरतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात, हा त्यातला विनोद. चाहते गेली वीस वर्षं तेच पालुपद लग्नात, लिफ्टमध्ये आणि दवाखान्याच्या रांगेत ऐकवत आहेत. चेहरे अजून तसेच पडतात.

पण खरी मौज ‘नेव्हर डिड नो वाँडरिन’ या गाण्याची. लोकगायकांची निम्मी गाणी भटकंतीची. म्हणून हे गाणं अशा गड्याचं, जो जन्मात कुठे भटकलाच नाही. ‘द फोक्समेन’ हे त्रिकूट कार्यक्रमाची सुरुवात याच गाण्याने करणार असतं. त्याआधीच एकसारख्या कपड्यांतला, बत्तीशी दाखवत गाणारा ‘न्यू मेन स्ट्रीट सिंगर्स’ हा संच तेच गाणं म्हणून मोकळा होतो. आता चाहत्यांत दोन पक्ष आहेत. एकाला फोक्समेनची खडबडीत चाल अस्सल वाटते, दुसऱ्याने मेन स्ट्रीटवाल्यांचे सहस्वर वाटून घेऊन पाठ केलेत. दोन्ही चाली त्याच एका चित्रपटाने, त्याच साली, थट्टेसाठी बनवल्या. तरी पहिला पक्ष दुसऱ्याला ‘बाजारू’ म्हणतो. १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार हातात घेतली तेव्हा झालेल्या हुर्योत हाच सूर होता. त्या वेळी निदान डिलन खरा होता.

या पंथाचा परमोच्च क्षण आधीच होऊन गेला आहे. फोक्समेन म्हणजे गेस्ट, मायकेल मकीन आणि हॅरी शीअरर. हेच तिघे १९८४ सालच्या ‘धिस इज स्पायनल टॅप’मध्ये केस वाढवून ढणढणाटी रॉक वाजवत होते. पुढे स्पायनल टॅपच्या कार्यक्रमांत आधी फोक्समेन म्हणून तेच मंचावर येत. काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली: आम्ही ज्यांच्यासाठी तिकीट काढलं त्यांना आणा! ते कपडे बदलायला आत गेलेच होते.

नाखूश रसिकही आहेत, आणि त्यांचं म्हणणं आम्हांला थोडं पटतं. त्या काळातली खरी लोकगीतं नागरी हक्कांच्या मोर्चात गायली गेली. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चात जोन बाएझ आणि डिलन गायले होते. पीट सीगरने संसदीय समितीला उत्तरं द्यायचं नाकारून खटला ओढवून घेतला. चित्रपटात यातलं जवळजवळ काही नाही. गेस्टने नेम धरला तो इस्त्रीच्या लोकसंगीतावर, न्यू ख्रिस्टी मिन्स्ट्रेल्सच्या वळणावर गाणाऱ्यांवर, आणि तो नेम बसला. सीगरची थट्टा करायला वेगळी छाती लागली असती.

दुसरी तक्रार मात्र अजब आहे: चित्रपट शेवटी रडवतो. मिच आणि मिकी ही जोडी (लेव्ही आणि कॅथरीन ओ’हारा) पूर्वी एका गाण्यात ठरलेल्या जागी चुंबन घ्यायची. जोडी फुटली, मिच मनाने कोलमडला, मिकी मूत्रनळ्या विकणाऱ्या गृहस्थाशी संसाराला लागली. आता इतक्या वर्षांनी तीच ओळ जवळ येते आणि विंगेतले सगळे कलावंत श्वास रोखून बघतात. हसायला आलेला माणूस इथे चष्मा पुसतो आणि मग चिडतो. फसवणूक झाली, पैसे विनोदाचे घेतले. पुढे दोघंही सांगतात की त्या चुंबनाचा नको तेवढा अर्थ लावला तो समोरच्याने. कोण खरं बोलतं, यावर चाहते रात्री जागवतात.

ते गाणं मकीन आणि त्याची पत्नी ॲनेट ओ’टूल यांचं. २००४ साली त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. लेव्ही आणि ओ’हारा यांनी सोहळ्यात ते मिच आणि मिकी म्हणूनच गायलं, आणि अस्तित्वात नसलेली जोडी साऱ्या जगासमोर खरोखरीची हरली. ग्रॅमी मात्र चित्रपटाच्या शीर्षकगीताला मिळालं. खऱ्या लोकगायकांनी यावर काय म्हणावं? बहुतेकांनी बँजो जुळवायला घेतला असावा.

आमची एक सूचना आहे. २०२८ साली या चित्रपटाला पंचवीस वर्षं होतील. चाहत्यांच्या सगळ्या गटांनी त्याच टाउन हॉलमध्ये गौरवाचा कार्यक्रम ठेवावा. खडबडीत पक्ष, सहस्वर पक्ष, आणि चुंबन खरं मानणारे: पहिलं गाणं कोणी म्हणायचं, हे ठरवण्यासाठी एकच बैठक घ्यावी आणि कोपऱ्यात एक कॅमेरा चालू ठेवावा. संवाद कोणी लिहून द्यायची गरज पडणार नाही. हॉलचं भाडं तेवढं आगाऊ भरावं.