बसची मातृभाषा

गाडीची मातृभाषा नंबरप्लेटवर लिहिलेली असते, हे शास्त्र आम्हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावासीयांना फार आधीपासून पाठ आहे. 6 डिसेंबर 2022 ला त्याचे जाहीर प्रात्यक्षिकही झाले. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर ‘एमएच’ पाटी दिसली, ट्रक मराठी ठरला आणि दगड खाऊन बसला. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्या कन्नड ठरल्या, त्यांना काळे फासण्यात आले. ड्रायव्हर कुठला, माल कुणाचा, ही चौकशी करायची म्हणजे दगड खाली ठेवावा लागतो. आणि निपाणी-बेळगावकडून पुण्याला जाणाऱ्या बसमध्ये बसतो कोण? आपलीच मावशी, पुण्यातल्या भाचीच्या बारशाला निघालेली. पण मावशीच्या कपाळावर नंबरप्लेट नसते ना!

त्यानंतर दोन्ही विधिमंडळांनीही शास्त्र पाळले. 22 डिसेंबरला बेळगावातल्या सुवर्णसौधात ‘एक इंचही देणार नाही’ असा ठराव झाला, 27 ला नागपुरात सीमाभागातल्या 865 गावांची इंच न इंच जागा घेण्याचा. दोन्ही ठराव एकमताने! एवढे एकमत तर एका घरात, भाजी काय करायची यावरही होत नाही.

आपली मागणी जुनी आहे: खेडे हा घटक धरा, बहुसंख्यांची भाषा बघा. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने 1967 मध्ये 264 गावे महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, असा हिशेब मांडला आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवले. तो आपल्याला पटला नाही, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गाऱ्हाणे खरे आहे. जिथे भाषिक अल्पसंख्य 15 टक्के, तिथे कागदपत्रे त्यांच्या भाषेत, हे दिल्लीने कधीच मान्य केलेय. तरी मराठी उतारा मागणारा माणूस फुटीर, असे साहेब खुर्चीत बसल्या-बसल्याच धरून चालतात. पण गावाला एकच भाषा असते, हे आपणही तसेच धरून चाललो की.

बेळगावच्या वडगावातला एखादा विणकर बघा. मागाच्या खडखडाटात तो बायकोला ‘नीर कोड’ म्हणून पाणी मागतो, साडीचा भाव गिऱ्हाइकाला मराठीत सांगतो, सूत उधारीवर मागताना सुरतच्या शेठशी हिंदीत गयावया करतो. मंगाईला गाऱ्हाणे घालताना कुठली भाषा वापरतो, ते देवीला ठाऊक. त्याला आपण कन्नड म्हणतो, आडनावावरून. तिकडचे त्याला मराठी म्हणतात, शेजाऱ्यांवरून. तो दोघांनाही चहा पाजतो.

आता जनगणना येतेय. मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव बसते. शिक्षक मोबाइल घेऊन दारात उभे राहतील, पाटीवरचे आडनाव वाचतील आणि बोट टेकवण्याआधी रीत म्हणून विचारतील. माग बंद न करताच तो म्हणेल, “लिवा की गुरुजी तुमच्या मनानं. आजवर मला इचारून कुणी लिवलंय?”