ॲपल पायच्या पायात बेडी

ॲपल पायसोबत काय वाढावे, हे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कायद्याने ठरले आहे. १९९९ साली तिथल्या विधिमंडळाने ॲपल पायला राज्याचा अधिकृत पाय घोषित केले आणि त्याच ओघात वाढण्याची रीतही कलमात बसवली. थंड दुधाचा ग्लास, किमान अर्धा औंस चेडर चीजचा काप किंवा व्हॅनिला आइस्क्रीमचा मोठा गोळा, यांपैकी निदान एक तरी देण्याचा ‘प्रामाणिक प्रयत्न’ वाढणाऱ्याने करायचा आहे. अर्धा औंस म्हणजे जेमतेम १४ ग्रॅम. चीज असे तोलूनमापून लिहिले. गोळा मात्र नुसता ‘मोठा’. तो किती मोठा, हे वाढणाऱ्याच्या मनगटावर सोपवलेले दिसते.

तिन्ही जिन्नस दुधाचे आणि व्हरमाँट हे दूधदुभत्याचे राज्य, हा योगायोग म्हणावा तर मन फार मोठे लागते. विस्कॉन्सिन या दुसऱ्या दूधवाल्या राज्याने तर १९३५ साली उपाहारगृहातल्या जेवणाबरोबर थोडे चीज आणि थोडे लोणी सक्तीचे केले होते. गिऱ्हाइकाने मागितले की नाही, हा प्रश्न गौण होता. तो कायदा १९३७ मध्ये संपला.

पायशी चीजची सोयरीक मूळची इंग्लंडमधली. यॉर्कशरमध्ये पायसोबत वेन्स्लीडेल चीज हवेच; तेही अर्थात यॉर्कशरचेच. गरम पायवर ठेवलेला काप आधी कडांना घामेजतो, मग मऊ पडतो आणि त्याचा खारटपणा सफरचंदाच्या आंबटगोडात उतरतो. आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्यांना यात नवल वाटू नये. इतरांना वाटते, आणि ते कस्टर्डकडे वळतात. ब्रॅम्ली हे इंग्लंडचे पायसाठीचे सफरचंद इतके आंबट असते की त्यावर काहीतरी सौम्य ओतणे ही गरजच ठरते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली अंड्याविना कस्टर्ड केले, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. पिवळ्या पुडीच्या त्या परंपरेवर पुढे मराठी लग्नांतले फ्रूट कस्टर्डही पोसले गेले.

आइस्क्रीमवाल्यांचे भांडण चवीचे नाही, श्रेयाचे आहे. १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या केंब्रिज गावच्या हॉटेलात एका प्राध्यापकाने ही जोडी रूढ केली, असे ते गाव सांगते. मिनेसोटातले डुलुथ त्याआधीचा दाखला पुढे करते. दोन्हीकडे गोळा सारखाच वितळतो आणि खुसखुशीत पारी खालून लगदा होते. त्याबद्दल श्रेय मागायला कोणी येत नाही. डच माणूस फेटलेल्या सायीचा ढीग लावून मोकळा होतो.

ज्या सफरचंदावरून हे सगळे चालले आहे, ते मध्य आशियातले. पायची कृतीही इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकात लिहिली गेली, म्हणजे कोलंबसाच्या जन्माआधी. तरीही अमेरिकेत अस्सल देशीपणाचे माप ॲपल पायनेच घेतात. पुरणपोळी दुधात, तुपात की कटाच्या आमटीत, हा वाद महाराष्ट्रात मात्र अजून कायद्याविना पंगतीतच मिटतो, किंवा मिटत नाही.

व्हरमाँटच्या कायद्यात एक फट आहे. तो पाय ‘वाढताना’ लागू होतो. रात्री फ्रिजचे दार उघडे धरून, उभ्याउभ्याच बोटांनी तोडून खाल्लेला थंडगार तुकडा कोणी वाढलेला नसतो.