आत काय आहे, कुणाला दिसतंय?

बाथरूमच्या टाइल्स निवडायला आपल्याकडे सबंध घर जातं. सासूबाईंना बदामी हवी असते, सूनबाईंना करडी, चिरंजीवांना काळी मॅट आणि पैसे देणाऱ्याला घरी जायचं असतं. मोरबीहून आलेल्या ८०० बाय १,६०० मिलिमीटरच्या लाद्यांवरून हात फिरतात, संगमरवराच्या छापील रेषा मोबाइलच्या उजेडात तपासल्या जातात. शेवटी कोणीतरी चुकून विचारतं, "हिच्या मागे काय लावणार?" ठेकेदार हसतो. "साहेब, टेन्शन घेऊ नका. सिमेंट बोर्ड टाकतोय. एकदम वॉटरप्रूफ." विषय संपतो. चर्चा पुन्हा बदामीवर येते.

या 'एकदम वॉटरप्रूफ'मध्ये थोडं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. सिमेंट बोर्ड भिजून कुजत नाही, जिप्सम बोर्डाचा होतो तसा त्याचा लगदा होत नाही. पण पाणी त्यातून निवांत पलीकडे जातं. म्हैस दिवसभर पावसात उभी राहिली तरी तिला काही होत नाही; म्हणून छत्री विकून कोणी म्हशीच्या पोटाखाली जाऊन उभं राहत नाही. बोर्ड हमी देतो ती स्वतःची. तुमच्या भिंतीची हमी त्यानं कधीच दिलेली नसते, ती ठेकेदारानं परस्पर दिलेली असते.

टाइल पाणी अडवते, हा दुसरा गैरसमज. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं अंग वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. व्हिट्रिफाइड शहाणी, ती अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. पण दोन टाइल्समधला सांधा सिमेंटच्या ग्राउटनं भरलेला, आणि तो पितो. थोडक्यात, पाणी मागे जाणारच. त्याला अडवणारा थर एकच: बोर्डावर ब्रशनं किंवा रोलरनं दोन हात मारलेलं, कोपऱ्यांत जाळी घातलेलं वॉटरप्रूफिंग. त्याला डिझाइन नसतं, चकाकी नसते, शोरूममध्ये त्याच्यासमोर सेल्फी निघत नाही. सासू आणि सून दोघींनी एकमतानं नापसंत केला असता असा हा थर. म्हणून तो त्यांना दाखवलाच जात नाही.

बोर्डाचा खरा संसार अमेरिकेतला. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या. पूर्वीचे कारागीर तारेच्या जाळीवर मसाला थापून त्यावर टाइल बसवत. काम वेळखाऊ, पण टिकाऊ. मग सगळ्यांना घाई झाली आणि हिरव्या कागदाचा, ओलावा सोसणारा जिप्सम बोर्ड आला. तो ओलावा सोसायचा, रोजचा शॉवर मात्र त्याला सोसवेना. अखेर २००६च्या निवासी इमारत संहितेनं त्याला शॉवर आणि टबाच्या टाइल्समागून बाहेर काढलं आणि सिमेंट बोर्डासारख्यांचं आसन पक्कं झालं. एका बोर्डाला वॉटरप्रूफ समजून फसलेली माणसं दुसऱ्या बोर्डालाही वॉटरप्रूफच समजू लागली. श्रद्धा कुठल्याही बोर्डापेक्षा टिकाऊ.

आपल्याकडे विटेची भिंत आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा. अशा भिंतीला बोर्डाची गरजच नाही. गरज लागते ती जीआय चॅनेलच्या पार्टिशनला: हॉटेलात, ऑफिसात आणि हल्ली फ्लॅटमध्येही, कारण टू बीएचकेत तिसरं बाथरूम उगवतं. जागा, बेडरूमचा कोपरा. खाली, दुसऱ्या कुणाचं तरी देवघर. स्लॅबवर विटांचं ओझं नको म्हणून बोर्ड, हे कारण अगदी रास्त. फक्त ओझं वाचवताना खालच्यांच्या देवांना अखंड अभिषेकाची सोय होते.

मग कायदा आठवतो. सोसायटीचे आदर्श उपविधी सांगतात, की संडास-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी सोसायटीच्या सल्ल्यानं आपसात ठरवून करावा. हे लिहिणाऱ्यानं एकही वार्षिक सभा पाहिलेली नसावी. २०१६च्या रेरा कायद्यानं तर बिल्डरवर ताबा दिल्यापासून ५ वर्षं दोषदुरुस्तीची जबाबदारी टाकली आहे. आणि ताबा मिळाल्यावर आपण पहिलं काम कोणतं करतो? बिल्डरच्या टाइल्स फोडतो. पुढे ओल कुणाची, हे ठरवायला प्लंबर पुरत नाही, वकील लागतो.

बोर्ड बसवणं मुळात कठीण नाही. दोन बोर्डांत साधारण ३ मिलिमीटरची फट सोडायची, टाइल ज्या ऍडहेसिव्हनं बसवायची त्यानंच ती भरायची आणि त्यात काचतंतूंची जाळीपट्टी दाबायची. पट्टी अल्कली सोसणारी हवी, कारण सिमेंट साध्या काचतंतूला हळूहळू खातं. प्रत्यक्षात बोर्ड एकमेकांना खेटून बसतात. उरल्यासुरल्या फटीत पीओपी जातं, कारण पीओपीवाला शेजारच्याच खोलीत होता. स्क्रू गंज न धरणारे हवेत. लागतात जिप्सम बोर्डाचे काळे, कारण डबा उघडा होता. आपल्याकडची बरीच बांधकामं 'हाताशी काय आहे' या शास्त्रावर उभी आहेत.

बोर्डाच्या जातीबद्दल तर बोलूच नये. फायबर सिमेंटच्या सपाट पत्र्यांसाठी २०००पासून आयएस १४८६२ हे भारतीय मानक आहे. त्यात ऊन-पाऊस थेट झेलणाऱ्यांचा एक प्रकार, न झेलणाऱ्यांचा दुसरा. दुकानात प्रकार दोनच: आठ एमएम आणि 'तो संपलाय'.

दुकानदारांचा छंद वेगळा. छताला उंची मिळाली की पोटमाळा काढायचा: लोखंडी सांगाडा, वर सिमेंट बोर्ड, वर चकचकीत व्हिट्रिफाइड. थोड्याच दिवसांत सांधे तडकतात आणि टाइल कंपनीचा उद्धार सुरू होतो. बोर्ड टाइलला धरायला चांगला पृष्ठभाग देतो. आधार मात्र खालच्या लोखंडानं द्यायचा असतो, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढवून लोखंडाचे पैसे वाचवलेले असतात. अमेरिकेतला ठोकताळा असा, की दोन आधारांमधल्या अंतराच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त जमीन लवू नये. १० फुटांना जेमतेम साडेआठ मिलिमीटर. तिकडे लाकडी जमिनीवर बोर्ड टाकताना खाली आधी ऍडहेसिव्ह पसरतात, तेही मुख्यतः पोकळी भरायला, आणि मग आठ-आठ इंचांवर स्क्रू मारतात. आपल्याकडे चार कोपऱ्यांना चार स्क्रू, मध्ये एक देवाच्या नावानं. पावलागणिक बोर्ड लवतो, टाइल लवत नाही, आणि दोघांच्या भांडणात पहिला बळी ग्राउटचा जातो.

वर टाइल लावतानाही तीच तऱ्हा. मागे पाच गोळे टेकवायचे आणि थोपटायचं. भिंतीचा ओळंबा चुकलेला असला तरी गोळे सांभाळून घेतात, म्हणून ते कारागिरांचे लाडके. अमेरिकी मानकं सांगतात, कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग ऍडहेसिव्हला भिडलेला हवा. खाचेदार थापीनं एका दिशेला ओढलं की हे साधतं. पाच गोळ्यांनी साधते ती पोकळी: बद्द आवाज, मागे साचणारं पाणी आणि डोक्यावर २५ किलोंची टांगती लादी.

एवढं सगळं करून एखाद्यानं थर नीट मारलाच, तर शेवटच्या दिवशी ड्रिल घेऊन माणूस येतो. गीझर, टॉवेल रॉड, काचेचं पार्टिशन, साबणाची जाळी. प्रत्येक भोक टाइल, थर आणि बोर्ड पार करून जातं. भोकात सिलिकॉन भरायचं असतं, हे त्याला सांगणारा तोवर वास्तुशांतीच्या आमंत्रणांना गेलेला असतो.

आता एक गोष्ट थट्टेपलीकडची. सिमेंट बोर्ड कार्बाइडच्या टोकानं ओरखडून मोडता येतो, त्यात धूळ अगदी कमी उडते. पण ग्राइंडर झटपट, म्हणून ग्राइंडरच चालतो, तोही बंद खोलीत. त्या पांढऱ्या धुरळ्यात बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात कायमची घर करते. अमेरिकेनं २०१६ साली आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा घालून दिली: घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे मर्यादा एकच, तोंडावरचा रुमाल. मालक मात्र सोफ्यावर आठवणीनं प्लास्टिक घालतात. सोफा महाग असतो.

या सगळ्याचं मूळ शोधायला फार खोल जावं लागत नाही, एस्टिमेट वाचलं की पुरे. टाइलला वेगळी ओळ, नळाला वेगळी, आरशाला वेगळी. कंपनी, नग, दर, सगळं. बोर्ड, जाळीपट्टी, स्क्रू, ऍडहेसिव्ह, वॉटरप्रूफिंग हे सगळे मिळून तळाच्या एका ओळीत कोंबलेले: 'इतर सिव्हिल काम, लमसम'. आपण घासाघीस करतो तीही नेमकी याच ओळीवर. ठेकेदार मोठ्या मनानं पाच हजार सोडतो आणि थराचा दुसरा हात भिंतीवर पडायचा राहतो. सौदा जिंकल्याचा आनंद दोन्ही बाजूंना.

तेव्हा त्या लमसमचे तुकडे करून मागा. बोर्ड कोणत्या प्रकारचा, ऍडहेसिव्ह आयएस १५४७७च्या कोणत्या प्रकारातलं, थराचे हात किती, आणि टाइल लावण्याआधी नहाणी ट्रॅपला बूच मारून जमिनीवर किमान २४ तास पाणी भरून ठेवणार की नाही. ठेकेदार म्हणेल, "साहेब, एवढं कोणी विचारत नाही." ते खरंच आहे. आणि थर मारून झाला की टाइल चढण्याआधी त्याचा फोटो काढा, तारखेसकट. वास्तुशांतीला आलेल्यांना टाइलच दाखवा, त्यांना तेवढंच बघायचं असतं. फोटो खालच्यांसाठी ठेवा; ते आमंत्रणाशिवाय येतात.