जकार्ड घराण्याची सोलापूर शाखा

आडनाव गावावरून किंवा व्यवसायावरून पडावे, ही मराठी मुलखाची जुनी रीत आहे. तिच्या नेमके उलट, म्हणजे माणसाच्या आडनावावरून यंत्राचे, यंत्रावरून विणीचे आणि विणीवरून कापडाचे नाव पडण्याचा प्रकार अभ्यासायचा असल्यास सोलापूरचा पूर्व भाग फार सोयीचा आहे; कारण तेथील मागवाल्यांच्या तोंडी जकार्ड हा शब्द दिवसभर असतो आणि तो एखाद्या गृहस्थाचा असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. परगावच्या पाहुण्याला तर ती जकातीचीच पोटशाखा वाटण्याचा संभव असतो.

या घराण्याचा कर्तापुरुष जोसेफ मारी जकार्ड (१७५२–१८३४) हा फ्रान्समधील लिऑन या रेशीमनगरीचा. फ्रेंच उच्चारात नावातला शेवटचा ‘ड’ लिहिला जातो पण म्हटला जात नाही. सोलापूरने मात्र, मोल देऊन घेतलेल्या मालातले काही वाया जाऊ न देण्याच्या बाण्याने, तो वसूल केला. मौजेची गोष्ट अशी की, मुळात हे आडनावही नव्हते. ही मंडळी शार्ल. परंतु गावात शार्ल उदंड झाल्याने एका शाखेला लोकांनी ‘जकार्ड’ हे टोपणनाव चिकटवले. एकाच आळीत चार पाटील नांदत असतील तर काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटू नये.

यंत्र मागाच्या डोक्यावर बसते. भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे माळेसारखी ओवलेली असतात. जेथे भोक तेथे सुई आत शिरते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन धोटा मधून धावतो. अशा हजारो होकार-नकारांतून चादरीवर मोर उभा राहतो आणि चादर उलटली की तोच मोर रंगांची अदलाबदल करून पाठीमागेही भेटतो. भोकांची युक्ती बूशाँ आणि फालकाँ यांनी आधीच योजली होती, पण त्यांची आडनावे कापडाला लागली नाहीत. बारसे ज्याच्या हातून होते त्याचेच नाव राहते. १८३९ मध्ये सुमारे २४,००० कार्डे लावून खुद्द जकार्डचे चित्र रेशमात विणले गेले, तेव्हा माणूस, यंत्र आणि कापड या तिन्ही जकार्डांची एकाच चौकटीत गाठ पडली.

तथापि पूर्व भागातील घरांत हा फ्रेंच पाहुणा एकटा नसतो. पुरुष मागावर असताना बायका मांडीवर सूप घेऊन तेंदूपानात तंबाखू भरत, दोऱ्याने बांधत, हजाराच्या हिशेबाने बिड्या वळतात. त्या तंबाखूतील निकोटिनला झाँ निको या सोळाव्या शतकातील फ्रेंच राजदूताचे नाव आहे. मागाचा फ्यूज उडाला की ज्या अँपिअरचा उद्धार होतो, तो आंद्रे-मारी अँपिअर तर लिऑनचाच, जकार्डचा गाववाला. एका छताखाली इतके फ्रेंच असूनही घरात तेलुगू बोलली जाते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या नावावर त्या मुलखाचा हक्क सांगणारी कायदेशीर मोहोर, मिळालेले आहे. नव्या पेठेतील दुकानात जकार्ड मागितले असता तो कोण, कुठला, असे कोणी विचारत नाही. ‘सिंगल की डबल?’ एवढेच विचारले जाते.